गाणी दुसऱ्याची, गळा आपला: ज्येष्ठ गायक-गीतकाराचा कव्हर अल्बम कसा तयार होतो

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात स्वतः गाणी लिहून, स्वतः चाल लावून गाणारे कलाकार पूर्वीपासून आहेत. शाहिरी, भजन, नाटकाची पदं आणि शेजारच्या धारवाडचं शास्त्रीय गाणं एकाच कानावर पडत असल्यानं इथल्या गळ्यांना दोन भाषा आणि चार तऱ्हांच्या चाली सहज जमतात. अशा कलाकारानं तीस-चाळीस वर्षं स्वतःचंच गायलं आणि साठीनंतर त्याच्या मनात आलं, की ज्यांची गाणी ऐकून आपण घडलो ती एकदा आपल्या आवाजात करून ठेवावीत. हाच कव्हर अल्बम. वरवर काम सोपं दिसतं. गाणी तयार, चाली तयार, श्रोत्यांना पाठ. पण स्वतःच्या गाण्यात सगळंच आपलं असतं. दुसऱ्याच्या गाण्यात मात्र कुठला थर कोणाचा, हे आधी सोडवावं लागतं. तो हिशेब कागदावर एकदा मांडावा लागतो आणि गळ्यात पुन्हा एकदा.

एका गाण्यात किती मालक

रेडिओवर लागणारं एखादं जुनं भावगीत घ्या. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, मधले वाद्यांचे तुकडे बहुतेक वेळा संगीत संयोजकाचे, हरकती-मुरक्या गायकाच्या आणि तबकडी कंपनीची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात यातल्या तीन गोष्टी स्वतंत्र धरल्या आहेत: शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी. तुम्ही नव्यानं गाणार आणि नव्यानं वाजवून घेणार असाल, तर मूळ ध्वनिमुद्रणाची परवानगी लागत नाही. शब्दांची आणि चालीची लागते.

इथंच पहिली चूक होते. गावच्या कार्यक्रमांत सर्रास कराओके ट्रॅकवर गायलं जातं आणि तोच ट्रॅक अल्बमसाठी वापरावा असं वाटतं. कराओके ट्रॅक हे कोणीतरी पैसे घालून केलेलं वेगळं ध्वनिमुद्रण असतं आणि त्याला वेगळा मालक असतो. चालीची परवानगी मिळाली म्हणजे ट्रॅकची मिळाली असं होत नाही. नेटवरून उतरवलेल्या ट्रॅकवर आवाज चढवून अल्बम काढू नये.

दुसरी चूक वर्षं मोजण्यात होते. ‘साठ वर्षं झाली की गाणं मोकळं’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं की ते खरंच वाटायला लागतं. साठ वर्षं दोन ठिकाणी आहेत आणि दोन्हीकडे मोजणी वेगळी आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. ही वर्षं मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून मोजतात.

गीतरामायण १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालं, म्हणजे साठ वर्षं कधीच उलटली. पण ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणून शब्दांचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत आहे. सुधीर फडके २००२ साली गेले, म्हणून चालीचा हक्क २०६२ च्या अखेरपर्यंत आहे. तुकोबांचा अभंग कोणाचाच नाही. पण श्रीनिवास खळ्यांनी त्याला लावलेली चाल आहे, आणि खळे २०११ साली गेले. तेव्हा अभंग घ्या, पण चाल तीच हवी असेल तर २०७१ संपेपर्यंत परवानगी लागेल. नसेल तर स्वतःची चाल लावा. जो माणूस आयुष्यभर चालीच लावत आला, त्याच्यासाठी हा मार्ग सर्वांत सरळ आहे.

सीमाभागातल्या यादीत हमखास येणारी आणखी काही नावं तपासून ठेवू. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म सौंदत्ती तालुक्यातल्या गुर्लहोसूरचा आणि ते १८८५ साली गेले. त्यांची नाट्यपदं पूर्ण मोकळी आहेत. त्यांतल्या काही पदांच्या चालींवर कानडी चालींची छाया आहे, त्यामुळे दोन्ही भाषांच्या श्रोत्यांसमोर ती शोभतात. गोविंदराव टेंबे १९५५ साली गेले. त्यांच्या चाली २०१६ पासून मोकळ्या आहेत. मास्टर कृष्णरावांच्या नाहीत. ते १९७४ साली गेले, म्हणजे २०३४ च्या अखेरपर्यंत थांबावं लागेल. अण्णा भाऊ साठे १८ जुलै १९६९ रोजी गेले. सीमाभागाची सल सांगणारी त्यांची छक्कड (शाहिरी ढंगाचं गीत) इथल्या प्रत्येक शाहिराला घ्यावीशी वाटते. तिचे शब्द १ जानेवारी २०३० पासून मोकळे होतील. कानडीत द. रा. बेंद्रे घ्यायचे असतील तर ते १९८१ साली गेले. शब्दांचा हक्क २०४१ च्या अखेरपर्यंत आहे आणि चाल ज्यांची असेल त्यांची तारीख वेगळी. पुरंदरदासांची पदं आणि बसवण्णांची वचनं यांचे शब्द मोकळे आहेत, पण चालीबाबत तुकोबांच्या अभंगाचाच नियम.

दहा गाण्यांचा अल्बम असेल तर निदान तीस गाण्यांची यादी करावी. प्रत्येक गाण्यापुढे चार रकाने आखावेत: शब्द कोणाचे आणि निधन कधी, चाल कोणाची आणि निधन कधी, आज हक्क कोणाकडे, परवानगीची स्थिती. चित्रपटगीतांत हक्क बहुधा निर्मात्याकडून कंपनीकडे गेलेले असतात. जुन्या एचएमव्ही तबकड्या काढणारी कंपनी आज सारेगामा या नावानं चालते. रकाने भरताना तीसपैकी दहा-बारा गाणी आपोआप गळतात. गळू द्यावीत.

परवानगी: कायद्याचा रस्ता आणि व्यवहाराचा रस्ता

२०१२ च्या दुरुस्तीनं कायद्यात कलम ३१सी आलं. मालकानं वेगळी संमती दिली नाही तरी ठरावीक अटी पाळून कव्हर करता येतं, असं हे कलम सांगतं. अटी मात्र जड आहेत. मूळ गाणं ज्या वर्षी प्रथम ध्वनिमुद्रित झालं ते वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं गेलेली हवीत. ध्वनिमुद्रणाच्या किमान १५ दिवस आधी हक्कदाराला आणि कॉपीराइट निबंधकांना नोटीस द्यायची. आवरणाचा किंवा लेबलचा नमुना आधी द्यायचा. ठरलेल्या दरानं मानधन आगाऊ भरायचं, आणि तेही प्रत्येक गाण्याच्या वर्षाला किमान ५०,००० प्रती धरून. एखाद्या भाषेचा किंवा बोलीचा श्रोतृवर्ग पाहून ही किमान संख्या कमी ठरवता येते, पण तसा आदेश निघालेला असावा लागतो. आवरणावर मूळ गायकाचं नाव किंवा चित्र चालत नाही. हे कव्हर आहे आणि या कलमाखाली केलं आहे, असं छापावं लागतं. हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागतात आणि हक्कदाराला त्या तपासता येतात.

शे-दोनशे सीडी आणि बाकी सगळं ऑनलाइन ऐकलं जाणार, अशा अल्बमला ५०,००० प्रतींचं गणित परवडत नाही. शिवाय कलमाची भाषा प्रतींची आहे. स्ट्रीमिंगमध्ये प्रत म्हणजे काय, यावर वाद घालत बसावं लागतं. म्हणून व्यवहारात हक्कदाराशी थेट लेखी करार करणं बरं. करारात या गोष्टी स्पष्ट हव्यात: कोणती गाणी, फक्त ध्वनी की व्हिडिओसुद्धा, कुठल्या देशांत, किती वर्षं, रक्कम एकरकमी की उत्पन्नातला वाटा, आणि श्रेयनामावलीचा नेमका मजकूर. व्हिडिओचा मुद्दा सोडू नये. कलम ३१सी फक्त ध्वनिमुद्रणापुरतं आहे. त्याच गाण्यावर राजहंसगडाची किंवा खानापूरच्या जंगलाची दृश्यं लावून यूट्यूबवर टाकलं, की चित्रासोबत गाणं जोडण्याची वेगळी परवानगी लागते.

गाणी स्ट्रीमिंग सेवांवर चढवणारे काही परदेशी वितरक त्यांच्या संकेतस्थळावर कव्हर परवान्याची सोय देतात. ती सोय कोणत्या देशापुरती आहे हे बारीक अक्षरांत वाचावं. अमेरिकेतल्या सक्तीच्या परवान्याच्या पद्धतीवर बेतलेली सोय भारतात उपयोगी पडत नाही.

शब्द आणि चाल बदलण्याबद्दल कलम ३१सी कडक आहे. तांत्रिकदृष्ट्या गरजेचा नसलेला आणि मालकाच्या संमतीनं आधी न झालेला बदल चालत नाही. पट्टी खाली घेणं, वाद्यं बदलणं ही गायनाची गरज म्हणून मांडता येते. नवा अंतरा घालणं नाही. आपल्या भागात एक मोह नेहमीचा आहे: पहिलं कडवं मराठी, दुसरं त्याच चालीवर कानडी. मंचावर याला टाळ्या पडतात. पण भाषांतर हा कर्त्याचा स्वतंत्र हक्क आहे आणि त्याची वेगळी लेखी संमती लागते. हक्क विकलेला असला तरी कलाकृतीची मोडतोड झाल्याची तक्रार कलम ५७ खाली कवी किंवा त्याचे वारस करू शकतात. म्हणून कंपनीचा कागद हातात असला तरी कानडी कडव्यासाठी कवीच्या घरच्यांना विचारावं.

पट्टी: सर्वांत जास्त वेळ इथं द्यावा

वयानुसार गळा बदलतो. पुरुषांचे वरचे स्वर सुटायला लागतात आणि श्वास आखूड होतो. बायकांचा आवाज बहुधा खाली उतरतो आणि खालचे स्वर भरदार होतात. ऐन तारुण्यातल्या आपल्या पट्टीचा अभिमान इथं आडवा येतो, आणि अल्बम बिघडायला तेवढं पुरतं.

उदाहरण पाहू. एक गायक आयुष्यभर काळी २ मध्ये गात आला (हार्मोनियमच्या काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या वेगवेगळ्या मोजून ही नावं देतात). निवडलेल्या गाण्याचा अंतरा तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातला ग) जातो आणि मुखडा मंद्र पंचमापर्यंत (खालच्या सप्तकातला प) उतरतो. काळी २ चा तार गंधार म्हणजे वरच्या सप्तकातली पांढरी ५. गायकाला आज पांढरी ४ पर्यंतच मोकळेपणानं जाता येतं. षड्ज (सा) काळी १ वर आणला की तार गंधार बरोबर पांढरी ४ वर येतो. पण तीही गायकाची अगदी कडाच आहे. कडेवरचा स्वर एकदा लागतो. चौथ्या टेकला फाटतो. म्हणून आणखी दोन अर्धस्वर (लगतच्या दोन पट्ट्या) खाली, पांढरी ७ वर यावं. आता वर मोकळं वाटतं, पण मंद्र पंचम खालच्या काळी ३ वर जाऊन पोचतो आणि तिथं मुखड्याचे शब्दच ऐकू येत नाहीत. अशा वेळी मधला उपाय पांढरी १: वर एक अर्धस्वर जागा आणि खाली शब्द शाबूत. तेही जमत नसेल तर गाणं सोडावं. चाल वाकवू नये.

चाचणी सकाळी रियाजानंतर घेऊ नका. तेव्हा गळा खोटं बोलतो. संध्याकाळी, दिवसभर बोलून झाल्यावर अंतरा सलग पाच वेळा गाऊन फोनवर रेकॉर्ड करा आणि पाचवी वेळ ऐका. सर्वांत वरचा स्वर जितका महत्त्वाचा, तितकंच गाणं जास्त वेळ कुठं रेंगाळतं हेही. तार गंधाराला एकदा शिवून परतणारं गाणं चालतं. तार षड्जावर मुक्काम ठोकणारं गाणं दुसऱ्या अंतऱ्याला दम काढतं.

‘मूळ पट्टीतच गायचं’ हा हट्ट असेल तर ती मूळ पट्टी खरी आहे का, हे आधी पाहा. ७८ आरपीएमच्या तबकड्या, नंतर त्यांवरून केलेल्या कॅसेटी आणि त्यांवरून नेटवर चढवलेल्या फायली, या प्रवासात वेग सरकतो. वेग साधारण ६ टक्क्यांनी वाढला की पट्टी एका अर्धस्वरानं वर जाते. काळी १ आणि पांढरी २ यांच्या मधे कुठेतरी अडकलेलं गाणं ऐकलंत तर समजा, ती गायकाची पट्टी नाही, यंत्राची आहे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीनच मिनिटं मावत. म्हणून त्या काळची पुष्कळ गाणी घाईत म्हटलेली आणि कडवी गाळलेली आहेत. छापील कविता शोधली तर गाळलेलं कडवं सापडतं. कव्हर अल्बममध्ये नवं काही देता येण्याची ही प्रामाणिक जागा आहे: तेच शब्द, तीच चाल, पण लय थोडी उतरवून पूर्ण कविता. परवानगी मागताना या कडव्याचा उल्लेख करायचा.

पट्टी ठरली की त्याच दिवशी वादकांना कळवावी. काळी १ चा तबला साधारण साडेपाच इंची तोंडाचा असतो. तोच ढिला करून खालच्या काळी ५ वर आणला तर शाई (तबल्यावरचा काळा गोल) बोलत नाही, थाप बसकी येते. एक तर सहा इंचांच्या आसपासचा ढाला (मोठ्या तोंडाचा, खालच्या सुराचा तबला) आणावा किंवा काळी २ चा तबला मध्यमावर लावावा. काळी ५ चा मध्यम काळी २ च आहे. बासरीवाल्याला प्रत्येक पट्टीची वेगळी बासरी लागते. तानपुरा खराच हवा असेल तर मिरज जवळ आहे; तिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. फक्त तानपुरा हार्मोनियमच्या ४४० हर्ट्झच्या सुरावर लावून घ्या, नाहीतर कीबोर्ड नंतर जुळत नाही.

गायकी: काय घ्यायचं, काय सोडायचं

बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणी मोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब म्हणून दाखवत. पुढं प्रौढपणी त्यांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला तेव्हा पदं बालगंधर्वांचीच होती, नक्कल मात्र नव्हती. कव्हरचे दोन्ही प्रकार एकाच माणसात दिसतात, आणि साठीच्या कलाकाराला दुसराच शोभतो.

ते साधायचं तर चाल आणि हरकत वेगळी काढता आली पाहिजे. यासाठी एक कंटाळवाणा पण खात्रीचा व्यायाम आहे. गाण्याचं नोटेशन लिहा, पण फक्त प्रत्येक अक्षर ज्या स्वरावर उभं राहतं तेवढंच. मुरक्या, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), खटके लिहायचे नाहीत. आठ दिवस मूळ गाणं न ऐकता हार्मोनियमवर हा सांगाडाच गा. जिथं नवी हरकत आपसूक येते ती तुमची. जिथं मूळ गायकाचीच येते तिथं थांबून विचारा, की ही चालीचा भाग आहे का? काही मींडी संगीतकारानंच बांधलेल्या असतात. त्या काढल्या तर चाल तुटते. बाकीच्या खुशाल सोडाव्यात. दोन कडव्यांमधले वाद्यांचे तुकडे तर सोडावेतच. ते कॉपी केले की श्रोता लगेच मूळ तबकडी आठवतो आणि तुमचा आवाज तुलनेत मार खातो.

शब्दांचा उच्चार हा सीमाभागाचा खास विषय. कानडीत ए आणि ओ यांची ऱ्हस्व आणि दीर्घ अशी दोन रूपं आहेत. मराठी लिपीच्या सवयीनं ती सगळी दीर्घ होतात आणि दासरपद (पुरंदरदासांसारख्या हरिदासांचं पद) म्हणताना मात्रा बिघडतात. देवनागरीत लिहून घेतलेल्या कागदावर प्रत्येक ऱ्हस्व ए-ओ वर लाल टिंब द्यावं. कानडी शब्दाचा शेवटचा स्वर पुरता म्हणायचा असतो, मराठीसारखा गिळायचा नसतो. उलट बाजूनं, कानडी वळणाच्या गळ्याला ‘चूक’ आणि ‘चार’ यांतला च, ‘जवळ’ आणि ‘जीवन’ यांतला ज वेगळा काढायला जड जातं. त्या त्या भाषेच्या जाणकाराला रेकॉर्डिंगला बसवावं. ध्वनिमुद्रकाचं लक्ष आवाजाच्या पातळीवर असतं, उच्चारावर नसतं. बेळगावी हेल मात्र पुसू नये. पुण्याच्या उच्चारांची नक्कल केलेली आवाजात लगेच कळते आणि ती गाण्याला मारते. शब्द जसेच्या तसे, हेल आपला.

वाद्यमेळ छोटा ठेवावा. दहा गाण्यांना दहा तऱ्हांची वाद्यं वापरली तर अल्बम कार्यक्रमाच्या ध्वनिफितीसारखा विस्कळीत वाटतो. चार-पाच वाद्यांचा एक रंग ठरवावा: तानपुरा, हार्मोनियम, तबला किंवा पखवाज, एक तंतुवाद्य आणि एखादं इथलं वाद्य. चौंडकं आणि तुणतुणं यल्लम्माच्या गाण्यांमुळे या भागात घरोघरी ओळखीचं आहे. भावगीतातही चौंडकं एखाद्या कडव्यापुरतं छान बसतं; सगळीकडे वाजवलं तर गाण्याची जत्रा होते. हलगी शेकून चढवावी लागते, आणि स्टुडिओत आग चालत नसल्यानं विजेची शेगडी किंवा हेअर ड्रायर जवळ ठेवावा. टाळ नेहमी वेगळे, सगळ्यांत शेवटी घ्यावेत; त्यांचा चरचरीत आवाज बाकीच्या मायक्रोफोनांत शिरला की काढता येत नाही.

ध्वनिमुद्रण

बेळगाव-खानापूरकडे पावसाळ्यात काम धरू नये. पत्र्यावर पाऊस वाजतो हे एक कारण आणि ओल्या हवेत चामडं उतरतं हे दुसरं. तबला दर टेकपूर्वी लावावा लागतो आणि गायकाचा दम वाट बघण्यातच जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा काळ आहे, फक्त सकाळच्या गारठ्यात गळा उशिरा उघडतो.

घरीच खोली करायची असेल तर आतल्या बाजूची, कमीत कमी खिडक्यांची निवडावी. गायकाच्या मागं आणि दोन्ही बाजूंना जाड वाकळा टांगाव्यात. मागची वाकळ सर्वांत महत्त्वाची, कारण मायक्रोफोनचं तोंड तिकडंच असतं. इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग टाळावं. स्वस्त इन्व्हर्टरची गुणगुण प्रत्येक ट्रॅकमध्ये बसते. लॅपटॉप बॅटरीवर चालवला की ती बरीच कमी होते.

सेटिंग २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ. आवाजाची शिखरं उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास राहतील एवढाच गेन (मायक्रोफोनच्या आवाजाची वाढ) द्यावा. शाहिरी गळा रंगात आला की एकदम चढतो, म्हणून ही जागा मोकळी हवी. मायक्रोफोन तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर, मधे पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी जाळी). कवळी असणाऱ्या गायकाच्या स-श मध्ये शिट्टी येते आणि ओळींच्या मधे टकटक ऐकू येते. मायक्रोफोन सरळ ओठांसमोर न धरता थोडा तिरका आणि नाकाच्या उंचीवर ठेवला तर शिट्टी पुष्कळ कमी होते. उरलेली मिक्सिंगमध्ये डी-एसरनं काढायची. टकटक मात्र हातानंच एकेक कापावी लागते.

वय झालेल्या कानाला बारीक आवाज कमी ऐकू येतात, म्हणून हेडफोन मोठा केला जातो आणि क्लिकचा (लय धरायला हेडफोनमध्ये वाजणाऱ्या ठोक्यांचा) टकटकाट मायक्रोफोनमध्ये उतरतो. शांत ओळींमागं तो स्पष्ट ऐकू येतो. क्लिकऐवजी तबल्याचा साधा ठेका द्यावा आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन वापरावा. ज्यांनी आयुष्यभर क्लिकशिवाय गायलं त्यांना सक्ती करू नये. तबलजीला समोर काचेपलीकडं बसवून दोघांना एकत्र गाऊ-वाजवू द्यावं. ओवी, श्लोक, पोवाड्याची सुरुवात यांना ठेका नकोच.

क्रम असा: पट्टी आणि लय ठरवून कच्चा आवाज, मग ताल, मग स्वरवाद्यं, मग खरा आवाज, मग कोरस, शेवटी टाळ. खरा आवाज दिवसाला दोन गाण्यांपेक्षा जास्त घेऊ नये आणि एका बैठकीत दीड तासापुढं जाऊ नये. पूर्ण गाण्याचे तीन-चार टेक घेऊन त्यांतून जुळवणी करावी. ओळ-ओळ तोडून घेतलं तर सूर बरोबर येतो, पण अर्थ सुटतो, आणि ज्येष्ठ गायकाकडून लोकांना हवा असतो तो अर्थच. पिच सुधारणारं सॉफ्टवेअर आपोआप चालू ठेवू नका. ते मींडीच्या पायऱ्या करतं आणि आंदोलन सपाट करतं. एखादा चुकलेला स्वर हातानं उचलावा, बाकी सोडावं.

साठवणुकीचा हिशेब: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ एमबी घेतो. पाच मिनिटांचं गाणं आणि २४ ट्रॅक म्हणजे जवळपास १ जीबी, आणि तेही जादा टेक न धरता. दर संध्याकाळी दोन वेगळ्या डिस्कवर प्रत करावी आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. वेळेचा अंदाज गाण्यामागं मिक्सिंगसह १२ ते १५ तास धरावा. स्टुडिओशी दर तासावर ठरवला असेल तर तालमी घरीच पूर्ण करून जा.

मास्टरिंगमध्ये, म्हणजे तयार गाण्यावरच्या शेवटच्या संस्कारात, आवाज वाढवण्याची स्पर्धा करू नये. स्ट्रीमिंग सेवा सगळी गाणी एका पातळीला आणतात; स्पॉटिफायची नेहमीची पातळी उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) आहे. फार दाबून मोठं केलेलं गाणं तिथं खाली ओढलं जातं आणि दबलेलं तेवढं उरतं. शिखर उणे १ डेसिबलच्या आत ठेवावं.

प्रसिद्ध करताना

प्रत्येक ध्वनिमुद्रणाला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक लागतो. तो वितरक देतो. कलाकाराच्या रकान्यात तुमचंच नाव हवं. मूळ गायकाचं नाव शीर्षकात घालून शोधात वर येण्याची युक्ती कायद्यालाही चालत नाही आणि सेवाही असं गाणं काढून टाकतात. गीतकार, संगीतकार हे रकाने पूर्ण भरावेत. गाण्याची भाषा गाण्यागणिक निवडावी. अल्बम मराठी म्हणून कानडी पदालाही मराठी लावलं तर ते योग्य श्रोत्यापर्यंत पोचत नाही.

यूट्यूबवर परवानगी असूनही स्वयंचलित दावा येऊ शकतो, कारण यंत्र चाल ओळखतं, करार वाचत नाही. दावा आला तर व्हिडिओ राहतो, उत्पन्न बहुधा दावेदाराकडं वळतं. कराराची प्रत जोडून हरकत घेता येते. स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाची चॅनलवर पडलेली नोंद, ही वेगळी आणि गंभीर गोष्ट आहे. ती ९० दिवस टिकते, आणि अशा तीन जमल्या तर चॅनलच बंद होतं. म्हणून सगळी गाणी एकाच दिवशी न टाकता आधी एक टाकून पाहावं.

पैशाचं चित्र आधीच समजून घ्यावं. स्वतःच्या गाण्यांत कलाकाराला लेखक-संगीतकाराचा वाटा आयपीआरएस या १९६९ पासूनच्या संस्थेमार्फत मिळतो. कव्हरमध्ये तो वाटा मूळ कर्त्यांकडं जातो. तुमच्याकडं ध्वनिमुद्रणाचं उत्पन्न आणि गायक म्हणून मिळणारा वाटा उरतो. मोकळ्या शब्दांना स्वतःची चाल लावली असेल तर मात्र त्या चालीचे कर्ते तुम्ही. ती गाणी वेगळी नोंदवा.

पारंपरिक गाण्यांबाबत सर्वांत जास्त गोंधळ होतो. जात्यावरची ओवी किंवा जोगतिणीचं गाणं ‘गीत-संगीत’ म्हणून आपल्या नावावर नोंदवू नये. ‘पारंपरिक’ असं लिहून फक्त संगीत संयोजनाला आपलं नाव द्यावं. गाणं कोणा बाईंकडून मिळालं असेल तर त्यांचं आणि गावाचं नाव आवरणावर टाकायला त्यांची हरकत नाही ना, हे विचारावं आणि एका कागदावर सही किंवा अंगठा घ्यावा. त्यांना काही रक्कम द्यायची ठरली असेल तर ती एकदाच की दरवर्षी, हेही त्याच कागदावर लिहावं. कागद त्यांना समजणाऱ्या भाषेत असावा, आणि एक प्रत त्यांच्याकडं राहावी.